हे दुखणं लपवायचं नाही
(कोरेगाव भीमा येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



पाळीबद्दल आपण आता बोलू लागलोय. शौचावाटे रक्त जातं, हे मात्र बाई नवऱ्यालाही सांगत नाही. मूळव्याध समजून घरगुती औषध घेत राहते. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या, गुदाशयाच्या कॅन्सरचंही हेच लक्षण. शौचाची सवय बदलणं, वजन घटणं, रक्त कमी होणं, हेही दाखवून घ्या. दुर्बिणीने तपासून, तुकडा काढून निदान होतं. लवकर कळलं तर ऑपरेशनने बरं होण्याची शक्यता खूप. जरुरीप्रमाणे केमो, किरणोपचार देतात. पुण्यात ससून आहे, मुंबईत १९४१ पासूनचं टाटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, तेही विचारा.

काहींना पोटावर शौचाची वाट करून पिशवी लावतात. कधी थोडे महिने, कधी कायमची. पिशवी लावून स्वयंपाक, नोकरी, प्रवास, सगळं करता येतं. तरी घरात तिचं ताट वेगळं होतं. दर १ जानेवारीला आपण भीमाकाठी जयस्तंभाला अभिवादन करतो. मग घरात हा विटाळ कसा चालतो?

आणखी एक विचारते. नवऱ्याची पिशवी बायको बदलते. बायकोची कोण बदलणार? आज घरी जाऊन हे बोला.