क्षोभाचे कारण आणि खाटेजवळचे माणूस : अध्यक्षीय भाषण

स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मृती, भाषा, दिशाभान आणि निर्णयशक्ती यांचा क्रमाक्रमाने होणारा ऱ्हास, ज्या व्याधींमुळे होतो त्यांपैकी बहुतेक आजही बऱ्या होत नाहीत. परंतु स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध खुब्याचे हाड मोडल्यामुळे वा न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होतो आणि सलाइन उपसतो, खाटेवरून उतरू पाहतो, परिचारिकेचा हात झटकतो, तेव्हा त्या क्षोभामागे बहुधा काही कारण असते आणि ते शोधणे हाच उपचाराचा आरंभ होय, हे या परिषदेपुढे आग्रहाने मांडणे आवश्यक आहे.

सध्याची रीत मात्र हात बांधण्याची किंवा इंजेक्शन देण्याची आहे. भ्रम आणि भास दाबण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिसायकॉटिक औषधांच्या नव्या पिढीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये ठळक इशारा दिला, कारण स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांमध्ये ही औषधे घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण औषधी द्रव्य नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या सुमारे १.६ ते १.७ पट आढळले होते. २००८ मध्ये तो इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. रुग्णाच्या वा इतरांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर औषध द्यावेच लागते, पण वॉर्डात रात्री शांतता हवी, हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

कालपर्यंत शांत असलेला रुग्ण काही तासांत बिथरला, तर ती तीव्र संभ्रमावस्था, म्हणजे डेलिरियम, समजून जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम आणि नव्याने सुरू केलेली औषधे प्रथम तपासावीत. त्यानंतर तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, तहान, घरी राहिलेला चष्मा, पिशवीत पडून असलेले श्रवणयंत्र यांकडे वळावे, आणि सर्वांत अधिक लक्ष वेदनेकडे द्यावे, कारण 'दुखते' हा शब्द ज्याला सापडत नाही त्याची वेदना कपाळावरच्या आठ्यांतून, कण्हण्यातून आणि कूस बदलताना घट्ट आवळलेल्या मुठीतूनच वाचावी लागते. नॉर्वेतील शुश्रूषागृहांत, म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन निवासी सेवेच्या संस्थांत, झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅरासिटामॉलपासून पायरीपायरीने वेदनाशमन केलेल्या रुग्णांचा क्षोभ आठ आठवड्यांत लक्षणीयरीत्या घटला. औषधाविना शांतवणे म्हणजे वेदनाशामक नाकारणे नव्हे, एवढा खुलासा येथे पुरे.

क्षोभ सर्वाधिक उसळतो तो अंग पुसताना आणि ओले कपडे बदलताना. दोघीजणी दोन्ही बाजूंनी येतात, न सांगता चादर ओढतात, आणि आपण कोठे आहोत हेच न उमजणाऱ्या वृद्धेला तो हल्ला वाटतो. मग ती ओरबाडते आणि केसपेपरवर 'आक्रमक' अशी नोंद होते. त्याऐवजी एकीनेच समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, घरी ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने बोलावे, अंग कोमट ओल्या टॉवेलने झाकून टॉवेलखालूनच थोडेथोडे पुसावे, आणि विरोध वाढला तर थांबून दहा मिनिटांनी परत यावे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत या पद्धतीची शास्त्रशुद्ध चाचणी होऊन आक्रमक प्रसंग निम्म्याहून कमी झाल्याचे २००४ मध्ये नोंदले गेले आहे.

संगीत, परिचित वस्तू, दिवसा उजेड आणि रात्री अंधार यांचाही उपयोग होतो, तरी प्रत्येकाला तेच गाणे शांत करील असे समजू नये. या उपायांचा बराचसा पुरावा शुश्रूषागृहांतून आला आहे, रुग्णालयांतून कमी, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

इंग्लंडमध्ये अशा रुग्णांजवळ आप्तांना थांबता यावे म्हणून २०१४ मध्ये 'जॉन्स कॅम्पेन' ही चळवळ उभारावी लागली. महाराष्ट्रातील सर्वसाधारण वॉर्डात लेक, सून वा नातू खाटेजवळ असतातच, मात्र त्यांच्याकडून औषधे आणविली जातात, माहिती विचारली जात नाही. आणि अतिदक्षता विभागात, जेथे संभ्रम सर्वाधिक, तेथे त्यांना दाराबाहेर बसविले जाते. रुग्ण कोणत्या हाकेला ओ देतो, पहाटे किती वाजता उठतो, चहा बशीतून पितो काय, कशाने घाबरतो, हे दाखल करतानाच विचारून केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि अशा रुग्णाच्या एका आप्तास अतिदक्षता विभागातही भेटीच्या वेळेची अट लावू नये. हे दोन्ही निर्णय प्रत्येक रुग्णालयाला आपल्याच अधिकारात घेता येण्याजोगे आहेत.