घड्याळ तेच, अंग वेगळं



आज बोलूया आपल्या रोजच्या कामांबद्दल. पहाटे उठणं, पाणी भरणं, चूल पेटवणं, भाकऱ्या, गोठा आणि मग शेत. सासरी आल्यापासून हे इतकं अंगवळणी पडतं की हात आपोआप चालतात. पण पंचेचाळिशीच्या आसपास तेच काम जड जायला लागतं. पहाटे डोळा उघडतो, पण उठवत नाही. चुलीपुढे बसलं की जीव घाबरा होतो. बारीकशा गोष्टीवरून सुनेवर आवाज चढतो. घरातले म्हणतात, "हिचं आजकाल कामात लक्ष नाही." हळूहळू त्या बाईलाही तसंच वाटू लागतं.

तर आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. ती एकदम जात नाही. आधी काही वर्षं मागेपुढे होते. सलग १२ महिने आली नाही, की गेली असं धरतात. या काळात अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य कमी होतं. झोप, मन, हाडं, अंगातली उष्णता, लघवीची जागा, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून अचानक अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो. रात्री झोप मोडते, मग पहाट नकोशी वाटते. हंडा उचलताना किंवा खोकताना थोडी लघवी होते. त्या लाजेने बाई पाणीच कमी पिते, आणि मग लघवीची जळजळ मागे लागते.

आता बघा, आपला दिवस कोणत्या वयात ठरला? विशीत. तेव्हाच्या अंगाला तो पेलत होता. अंग बदललं, पण घरातली कामाची वाटणी बदललीच नाही. म्हणून ओढाताण होते.

मग करायचं काय? चुलीपुढचं काम सलग करू नका, मध्ये उठून वाऱ्याला बसा. सुती कपडे घाला. वाफा येत असतील तर चहा आणि तिखट कमी करून बघा. भरलेला हंडा उचलण्याचं काम घरातल्या तरण्या माणसाकडे द्या, मुलगा असला तरी. हाडांसाठी नाचणी खा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारी-गव्हात त्याच्या दहावा हिस्सासुद्धा जेमतेम. तीळ आणि दूधही चांगलं. दुपारी अर्धा तास पाठ टेकली, तर त्यात चोरी कसली?

पण सगळा थकवा पाळी जाण्याचाच असतो असंही नाही. रक्त कमी असेल, साखर किंवा थायरॉइड असेल, तरी असंच होतं. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते डागभर का असेना, लगेच डॉक्टरांना दाखवा. पाळी फार दिवस किंवा फार जोरात जात असेल तरीही दाखवा.

आणखी एक. "पिशवी काढून टाक, कटकट संपेल" असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी कमी वयात पिशवी काढल्याचं पुढे आलं. २०१९ मध्ये सरकारने त्याच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर आज आपण बोललो ते सगळे त्रास लगेच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. काही आजारांत ऑपरेशन लागतंच. पण आधी विचारा, औषधाने भागेल का? अंडाशयं ठेवता येतील का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. आपल्या दिवसातलं कोणतं काम आता जड जातं, ते प्रत्येकीने सांगा. आणि ते घरात कुणाकडे द्यायचं, हेही तिथेच ठरवा. सुनांनाही बोलवा. सासू चिडते ती का, हे त्यांना कळेल, आणि उद्या त्यांची वेळ आली की त्यांना कुणी आळशी म्हणणार नाही.