प्रवाळ-मत्स्यालयाची पहिली निवड
(मंठाळ येथे ग्रामस्थ व शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत समुद्राच्या पाण्याचे, प्रवाळ व रंगीत मासे असलेले मत्स्यालय ठेवावे, असा विचार आपल्यापैकी काही पालकांनी मांडला असून त्याकरिता वर्गणीही जमू लागली आहे. मंठाळपासून अरबी समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथील पुष्कळ मुलांनी तो पाहिलेला नाही. तेव्हा ही इच्छा सर्वथा स्तुत्य आहे. मात्र १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्याच्या समोरच समुद्र होता. आपणांस समुद्राचे पाणी येथेच तयार करावे लागेल आणि ते बारा महिने सांभाळावे लागेल. कोणता संच घ्यावा, याचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

नवशिक्यांकरिता बाजारात ‘ऑल-इन-वन’ नावाचे संच मिळतात. काचेच्या टाकीच्या मागील बाजूस एक आडभिंत असते व तिच्या पलीकडे दोन-तीन कप्पे असतात. वरच्या खाचांतून पाणी पहिल्या कप्प्यात उतरते. तेथे कापसासारख्या गाळणीत कचरा अडतो. पुढे सच्छिद्र खड्यांवर वाढलेले जीवाणू आपले कार्य करतात आणि शेवटच्या कप्प्यातील पंप पाणी पुन्हा टाकीत सोडतो. दिवाही बहुधा संचासोबतच येतो. बाहेर नळ्यांचा पसारा नसल्यामुळे शाळेस ही रचना सोयीची आहे. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पाण्याची वाफ होऊ लागली की पुढील टाकीतील पातळी तशीच दिसते, आणि घट पडते ती केवळ पंपाच्या लहान कप्प्यात. तो कोरडा पडला की पंप जळतो. म्हणून पंपाचा कप्पा जितका मोठा, तितका संच चांगला. दुकानात दिव्याचे रंग पाहण्यापूर्वी मागील कप्प्यात स्वतःचा हात घालून पाहावा. जेथे हात जात नाही, तेथे स्वच्छताही होत नाही.

आकाराविषयी पुष्कळांचा समज उलटा असतो. लहान टाकी सोपी वाटते, पण वीस-तीस लिटर पाण्याचे तापमान व क्षारता एका दुपारीत बिघडते. शंभर लिटरांच्या आसपासची टाकी चुका पोटात घालते. मात्र खडक, काच व बैठक धरून तिचे वजन दीडशे किलोंच्या घरात जाते. वर्गातील डुगडुगते टेबल तिला चालणार नाही.

आता पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात व त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असते. हे क्षार म्हणजे केवळ मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर अनेक द्रव्ये आहेत. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी नाही. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे क्षारमिश्रणच घ्यावे लागते. शंभर लिटरांस ते साडेतीन ते चार किलो लागते, आणि आठवड्याला दहा लिटर पाणी बदलावयाचे म्हटले तर वर्षाकाठी सुमारे वीस किलो. हा खर्च संचाच्या किमतीत कोणी सांगत नाही. बोअरचे जड पाणी थेट वापरता येत नाही. ते आर.ओ. यंत्रातून आणि त्यानंतर क्षार शोषणाऱ्या राळेतून गाळून घ्यावे लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे हे यंत्र दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. आपल्या भागात असे पाणी गटारात सोडणे शोभणारे नाही. ते फरशी धुण्यास वापरावे. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना घालू नये. आणखी एक इशारा असा की, पाणी भरण्यास तांब्या-पितळेची घागर वापरू नये. तांब्याचा अंश कोळंबी व प्रवाळांस विषासमान आहे.

उडून गेलेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करावी, कारण वाफ जाते व क्षार मागे राहतात. एवढी गोष्ट सातवीतील विद्यार्थी समजून घेऊ शकतो, आणि मला वाटते, मत्स्यालयाचा खरा शैक्षणिक लाभ येथेच आहे.

सर्वांत कठीण प्रश्न उन्हाचा. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या देहात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करते. पाणी अधिक तापले की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्णता टिकली तर मरतो. १९९८, २०१० व २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हेच संकट आले. टाकीतील पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांत राहावे अशी अपेक्षा असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीला टेकतो. पाण्यावर वारा घालणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवतो, त्याहून अधिक नाही. पाणी थंड करणारे यंत्र महाग असून तेही विजेवरच चालते. वीज गेली की थोड्याच तासांत पाण्यातील प्राणवायू कमी पडू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही म्हणूनच चैन नव्हे. आणि नेमक्या याच एप्रिल-मे महिन्यांत शाळेला सुट्टी असते!

माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्या वर्षी प्रवाळ घेऊच नयेत. संच असा निवडावा की, पुढे प्रवाळ ठेवता येतील. पण आरंभ खडक, थोडी वाळू आणि दोन मासे एवढ्यावर करावा. यास कायद्याचेही कारण आहे. खडक-प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोडाही त्याच वर्षी तीत समाविष्ट झाला. मालवणला सहलीस गेलेल्या कोणी किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणला, तरी तो गुन्हा ठरू शकतो. ‘जिवंत खडक’ म्हणून विकला जाणारा माल कोठून आला हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर तो घेऊ नये. कोरडा किंवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र खडक तेच काम करतो, केवळ काही आठवडे अधिक लागतात. परदेशी प्रवाळांच्या बाबतीत आयातीची कागदपत्रे पाहावीत. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनुसार अनुसूचीतील विदेशी सजीव बाळगणाऱ्यास त्याची नोंद करावी लागते.

मासे मात्र पैदास केलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशाच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोली येथे अशा शोभिवंत समुद्री माशांची पैदास हाती घेतली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा काटक आहे, तयार खाद्य खातो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. समुद्रपुष्पाशिवायही तो सुखाने राहतो. म्हणून ते नाजूक समुद्रपुष्प पहिल्या वर्षी आणू नये.

टाकी भरल्या दिवशीच मासे सोडण्याचा मोह आवरावा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ही जीवाणूंची वस्ती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकून तपासणीच्या द्रावणाने मोजमाप घ्यावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले की मगच मासे आणावेत. उद्घाटनाची तारीख ठरवून पाहुण्यांना बोलावले जाते आणि आदल्या दिवशी टाकी भरली जाते, हा प्रकार कटाक्षाने टाळला पाहिजे.

वर्गणीदारांना माझी विनंती आहे की, संच मागविण्यापूर्वी एका कागदावर नावे लिहून काढावीत: सुट्टीत रोज सकाळी शाळेचे कुलूप कोण उघडणार, लिटर-दीड लिटर पाण्याची भर कोण घालणार, रात्री वीज गेली तर कोण धावून येणार. किमान तीन घरे मिळाली तर शंभर लिटरांचा संच पावसाळा सुरू झाल्यावर मागवावा, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यापूर्वी हाताला आठ-नऊ महिन्यांचा सराव होईल. नावे मिळाली नाहीत, तर जमलेल्या रकमेतून मुलांना मालवणला नेऊन आणावे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे आणि तेथील पाणी बदलावे लागत नाही.