दुधाचे दात आणि हातपंपाचे पाणी

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात आमच्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यातून आलेले एक कुटुंब राहते. एके सायंकाळी त्या घरच्या वहिनी थोरल्या मुलाचा हात धरून आमच्याकडे आल्या. मुलगा आठ वर्षांचा. त्याच्या समोरच्या नव्या दातांवर खडूने ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा होत्या आणि मधूनमधून तपकिरी डाग. “दोन्ही वेळा घासतो हो हा,” वहिनी म्हणाल्या, “तरी शाळेत मुले हसतात.” हा सारा पेस्टमधल्या फ्लोराईडचा प्रताप, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. म्हणून वर्षापूर्वी त्यांनी घरातली पेस्टच बंद केली. आणि आता चार वर्षांच्या धाकटीच्या दाढा किडू लागल्या होत्या.

दंतवैद्यांनी मुलाचे दात पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “हा चार वर्षांचा होईपर्यंत कोणते पाणी पीत होता?” वहिनींनी गावच्या हातपंपाचे नाव सांगितले.

ह्या प्रश्नाचा इतिहास आमच्या घरापासून फार दूर नाही. मांबलमपासून दक्षिणेकडे दुसरे स्टेशन गिंडी. तेथील किंग इन्स्टिट्यूटमधील शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी ह्या संशोधकांनी १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातील एका व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या गावांत मुलांचे दात डागाळत आणि मोठ्यांचे पाठकणे ताठ होत. कारण विहिरींच्या पाण्यात होते. खडकांतून विरघळलेले फ्लोराईड त्या पाण्यात प्रमाणाबाहेर होते. ह्यांपैकी डॉ. सी. जी. पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. आपल्या महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत हेच दुखणे आढळते.

मग फ्लोराईड शत्रू म्हणावे काय? तसेही नाही. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच झिजवते. दाताला बाहेरून लागणारे थोडे फ्लोराईड हे कवच पुन्हा बळकट करते. पण कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना तेच फ्लोराईड पोटातून अधिक गेले, तर कवच सच्छिद्र होते. समोरच्या दातांपुरता हा नाजूक काळ साधारण पहिल्या चार वर्षांचा. म्हणजे डाग दिसतो सातव्या वर्षी, पण तो पडलेला असतो दुधाच्या दातांच्या वयात.

तेव्हा प्रश्न मापाचा आहे. आपल्या देशातील मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. भारतात पेस्टमध्ये ते ग्रॅमला १ मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. ब्रशभर पेस्ट सुमारे ग्रॅमभर भरते. ती मुलाने गिळली, तर लिटरभर पाण्याइतके फ्लोराईड एका दमात पोटात जाते. म्हणून तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती आईबापांनी स्वतः लावावी आणि मुलाला थुंकायला शिकवावे.

पाण्याविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. पाणी तपासून घेणे हाच मार्ग. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड खाली बसवण्याची ‘नालगोंडा’ पद्धत तर आपल्या नागपूरच्याच संशोधन संस्थेने घडवली आहे.

थोरल्याचे डाग घासून जाणार नाहीत, पण तो अस्वच्छ नाही, एवढे वहिनींना कळले आणि त्यांना रडू आले. ते डाग झाकण्याचे उपचार आहेत. धाकटीचा ब्रश आता त्या स्वतः धरतात, वाटाण्याएवढ्या पेस्टसह. पण त्याच रात्री त्यांनी पहिले काम वेगळेच केले. गावी जाऊबाईंना दूरध्वनी केला. त्यांचे बाळ सात महिन्यांचे होते आणि नुकतेच वरचे पाणी पिऊ लागले होते. आईच्या दुधातून फ्लोराईड फारच थोडे उतरते, पण हातपंपाला ती मर्यादा नाही. पाण्याचा नमुना तपासला गेला, तो दीडाच्या वर निघाला. आता त्या बाळासाठी पाणी दुसऱ्या विहिरीवरून येते, आणि तेही तपासलेले आहे.