तुम्ही कोणाला विचारता?



एचआयव्हीवर सॉफ्टवेअरवाला काय बोलणार, असे तुम्हाला वाटत असेल. औषधांविषयी डॉक्टरांनीच बोलावे. मी बोलणार आहे ते माणसांच्या जाळ्याविषयी. कोण कोणाशी जोडलेला आहे आणि निरोप कोणत्या वाटेने जातो, हे पाहणे माझे रोजचे काम आहे. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधांतून, दूषित रक्तातून आणि सुईतून, आईकडून बाळाला पोहोचतो. त्याला रोखणारी माहितीसुद्धा माणसाकडून माणसाकडेच जाते. पोस्टर आपण वाचतो. पण कंडोम वापरायचा का, तपासणीला जायचे का, हे आपल्या माणसाला विचारून ठरवतो.

याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच, सांगलीत आहे. 1992 मध्ये मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'संग्राम' ही संस्था तिथे वेश्याव्यवसायातल्या महिलांसोबत काम करू लागली. कंडोम वाटण्याचे आणि माहिती सांगण्याचे काम वस्तीतल्या बायकांनीच हाती घेतले. कोणती मैत्रीण अडचणीत आहे, कोणते गिऱ्हाईक कंडोम नाकारते, पोलिसांचा त्रास कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होते. 1996 मध्ये त्यातूनच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हॅम्प', ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढे अमेरिकेच्या सरकारी निधीसाठी वेश्याव्यवसायाविरोधी भूमिका घेण्याची अट आली, तेव्हा 2005 मध्ये संग्रामने तो निधी सोडला. ज्या बायकांच्या विश्वासावर काम उभे होते, त्यांच्याच विरुद्ध सही करायची कशी?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जेफ्री केली या मानसशास्त्रज्ञाने समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये एक प्रयोग केला. 'इथे सगळे कोणाला मानतात?' असे त्याने बारच्या कर्मचाऱ्यांना विचारले. ज्यांची नावे आली त्यांना प्रशिक्षण दिले आणि मित्रांशी नेहमीच्या गप्पांत सुरक्षित संबंधांविषयी बोलायला सांगितले. असुरक्षित संबंधांचे प्रमाण घटले. हा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. हीच पद्धत नंतर भारतासह पाच देशांत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. 2010 मध्ये निकाल आले. जिथे असे मित्र-नेते तयार केले तिथे धोक्याचे वर्तन घटले; पण जिथे फक्त माहिती, तपासणी आणि उपचार दिले तिथेही जवळपास तितकेच घटले. याचा अर्थ मी असा घेतो : नुसत्या बोलक्या माणसाने भागत नाही. त्याच्या मागे तपासणी आणि औषध हवे. आणि ज्या घरात हा शब्दच उच्चारला जात नाही, तिथल्या मुलाला तपासणीच्या दारापर्यंत नेणारा कोणीतरी हवा.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. असा माणूस शोधायचा कसा? आपण सहसा पदाकडे पाहतो : अध्यक्ष, कमिटीचे सदस्य, सर्वांत चांगला वक्ता. त्यापेक्षा दहा जणांना वेगवेगळे गाठून विचारा, 'लाज वाटेल अशी गोष्ट तू कोणाला सांगशील?' जी नावे पुन्हा पुन्हा येतील, ती खरी. ती एखाद्या गॅरेजवाल्याची असतील, शिवणकाम करणाऱ्या आपाची असतील, क्रिकेटच्या संघातल्या कोणाची तरी असतील. मुलींना वेगळे विचारा. त्यांचे जाळे वेगळे असते.

त्या व्यक्तीला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली, खरी माहिती. एका दस्तरख्वानावर जेवल्याने, नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावल्याने, गळाभेटीने एचआयव्ही होत नाही. हातमोजे घालून मय्यतीला गुस्लही देता येतो. दुसरी, रस्ता. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे, औषधे 2004 पासून सरकारकडून मोफत मिळतात, आणि 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. नियमित औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. निकाह, संसार, मुलेबाळे हे सगळे शक्य आहे.

तिसरी सर्वांत अवघड : तोंड बंद ठेवणे. एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा संमतीशिवाय तपासणी करू देत नाही आणि नोकरी, शिक्षण, उपचारांत भेदभावाला मनाई करतो. पण चहाच्या टपरीवरची कुजबुज कायद्याला ऐकू येत नाही. ज्या जाळ्यातून माहिती धावते, त्याच जाळ्यातून बदनामीही धावते, तीही जास्त वेगाने. एकाचे गुपित फुटले की पुढचे दहा जण तपासणीला जात नाहीत. उपचाराविना राहिलेला माणूस आजारी पडतो, आणि कळत नसताना दुसऱ्यालाही लागण होते.

म्हणून आज घरी गेल्यावर आधी स्वतःला विचारा : मी कोणाला विचारतो? मग दुसरा प्रश्न : मला कोण विचारते? दुसऱ्या प्रश्नाला एक जरी नाव आठवले, तरी त्या एका माणसापुरते हे काम तुमचे आहे.