जखम लपवू नका, वेळ दवडू नका
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी कर्करोगाचा विषय काढतो आहे, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. पण इतके पालक एका ठिकाणी पुन्हा केव्हा भेटणार?

काही वर्षांपूर्वी एक माता माझ्याकडे आली. लहानपणी चुलीवर भाजल्याचा व्रण तिच्या पायावर होता. चाळीस वर्षांनी त्या व्रणावर जखम झाली. दोन वर्षे तिने ती लपवली, कुणी सांगितलेली मलमे लावली. डॉक्टर कापतील, पाय विद्रूप होईल, ही भीती. ती आली तेव्हा रोग हाडात शिरला होता. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. वेळेवर आली असती तर तेवढीच जखम काढून मांडीच्या कातडीने ती जागा झाकता आली असती. ज्या विद्रूपतेला ती भ्याली, ती दिरंगाईनेच तिच्या वाट्याला आली. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत अधिक, आपल्यात कमी. म्हणूनच आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरणारी जखम, कमरेवर साडीच्या नाडीने सतत घासणारी जागा, अशा ठिकाणी तो आपल्याकडे उद्भवतो. नाकावर किंवा पापणीजवळ मोत्यासारखी चकाकणारी गाठ येऊन हळूहळू चिघळते, हा दुसरा प्रकार. तिसरा, तीळासारखा काळा डाग, सर्वांत घातक. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली दिसतो.

संशय आल्यास डॉक्टर प्रथम लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. मग शस्त्रक्रिया. गाठीबरोबर भोवतालची थोडी निरोगी दिसणारी कातडीही काढतात, कारण रोगाची मुळे डोळ्यांना दिसत नाहीत. नाकावरच्या लहान गाठीला चार-पाच मिलिमीटर पुरतात. काळ्या डागाच्या रोगात, त्याच्या खोलीनुसार, एक ते दोन सेंटिमीटरही लागतात. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात एकेक पातळ थर काढून तपासत जाण्याची पद्धत सुरू केली. कडा स्वच्छ मिळाल्या की काम थांबते.

आधी रोग मुळासकट काढावा, मग रूपाचा विचार करावा, हा क्रम मोडू नये.

राहिलेला खड्डा भरण्याचे तीन मार्ग आहेत. लहान जखम सरळ टाक्यांनी मिटते. मोठी असल्यास त्वचारोपण करतात. चेहऱ्यासाठी कानामागची कातडी घेतात, कारण तिचा रंग जुळतो. मोठ्या जागेसाठी मांडीवरून पातळ पापुद्रा घेतात. हे झाडाच्या कलमासारखे आहे. नव्या जागेतून रक्त मिळाले तरच ते जगते. म्हणून पहिले काही दिवस पट्टी सोडून पाहू नये, त्या भागाला धक्का लावू नये, आणि विडी-सिगारेट तर मुळीच ओढू नये.

हाड उघडे पडले असेल तर कलम लागत नाही. तेव्हा शेजारची कातडी देठासकट फिरवून आणतात. तिचे रक्त तिच्याबरोबरच येते. नाकासाठी कपाळाची कातडी अशी खाली वळवतात व सुमारे तीन आठवड्यांनी देठ कापतात.

विद्यार्थीमित्रांनो, ही विद्या आपल्याच मातीतली आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याचा कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला व त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीने त्याला नवे नाक दिले. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये तेथील डॉ. कार्प्यू यांनी ती शस्त्रक्रिया करून दाखवली. त्याहीपूर्वी, हजार वर्षांमागे, स्पेनमधील कोर्डोबाचे थोर शल्यविशारद अबुल कासिम अल्-जहरावी यांनी लिहून ठेवले की कर्करोग लहान व नवा असेल, हाताला येण्याजोगा असेल, तर तो समूळ काढावा. जुना व मोठा झाल्यास हात लावू नये. आज मोठ्या रोगावरही इलाज होतात. परंतु लवकर येण्याचे मोल तेव्हा होते तेवढेच आजही आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. आजी-आजोबांना विचारा, महिन्याभरात न भरलेली जखम आहे का? जुन्या व्रणावर नवा फोड आला आहे का? एखादा तीळ वाढतो, रंग बदलतो, त्यातून रक्त येते का? असल्यास त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. मुलीच्या अंगावर डाग असेल तर लग्नाच्या काळजीने तो झाकू नका. बारीकशा वणासह मुलगी सुखाने संसार करील. लपवलेला रोग मात्र तिला ते सुख देणार नाही.