मैदानाचे बारसे



मैदानाच्या नावावर व्याख्यान, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. खेळ पाहायला जावे, आपला संघ जिंकला तर पेढे वाटावेत, हरला तर पंचाला दोष देत घरी यावे. फाटकावर कोणाची पाटी आहे याच्याशी प्रेक्षकाला काय कर्तव्य? मलाही पूर्वी असेच वाटत असे. परंतु गेल्या तीसएक वर्षांत जगातील पुष्कळ शहरांत मैदानांची नावे कंपन्यांना विकली गेली, आणि त्यावरून माणसे संतापली, त्यांनी भिंतींवर लिहिले, एका शहरात तर चक्क मतदान झाले. ज्या गोष्टीसाठी माणसे एवढी चिडतात तिच्यात काहीतरी मोलाचे असलेच पाहिजे. ते काय, याचा आज विचार करू.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. मैदानाचा मालक, मग तो क्लब असो की नगरपालिका, ठरावीक वर्षांसाठी मैदानाचे नाव एखाद्या कंपनीला देतो. कंपनी त्याबद्दल पैसे मोजते. तिला केवळ पाटी मिळत नाही. वर्तमानपत्रातील बातमीत, दूरदर्शनवरच्या समालोचनात, तिकिटावर, नकाशावर तिचे नाव येते. जाहिरात म्हणून वाचली जाणार नाही अशी जाहिरात तिला हवी असते, आणि मैदानाचे नाव ही तशी जागा आहे.

आता कोणी म्हणेल, की पूर्वीची नावे तरी सोवळ्यातली होती काय? मुळीच नव्हती. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम 1937 साली सुरू झाले. समुद्रात भर घालून काढलेली जमीन सरकारकडून मिळवायची होती आणि गव्हर्नर होते लॉर्ड ब्रेबोर्न. क्रिकेट मंडळाचे अँथनी डिमेलो यांनी त्यांना विचारले, असे सांगतात, की सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व? लाटसाहेबांनी अमरत्व पसंत केले. म्हणजे तोही एक सौदाच होता. पण तो बारशाच्या वेळी झालेला सौदा होता. त्यासाठी कोणाच्या तोंडातले जुने नाव काढून घ्यावे लागले नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. लंडनचा आर्सेनल क्लब 1913 पासून हायबरी येथे खेळत असे. 2006 साली तो नव्या मैदानात गेला आणि त्या मैदानाला पहिल्या दिवसापासून एमिरेट्स या विमान कंपनीचे नाव होते. म्युनिकचे नवे मैदान 2005 साली आलियान्झ या विमा कंपनीच्या नावानेच उघडले. जुन्या मंडळींनी थोडी कुरकुर केली असेल. पण ही नावे रुळली. पाळण्यातल्या मुलाचे नाव आत्याने कानात सांगितले की घरातले सगळे त्याच नावाने हाक मारू लागतात. चाळिशी उलटलेल्या माणसाला मात्र एके दिवशी नवे नाव देऊन पाहा. घरची माणसे ओ देणार नाहीत!

इंग्लंडच्या उत्तरेतील न्यूकॅसल शहरात हेच घडले. तिथल्या सेंट जेम्सेस पार्कवर 1880 पासून फुटबॉल खेळला जातो आणि न्यूकॅसल युनायटेड क्लबचे ते 1892 पासूनचे घर. 2007 साली माइक ॲशली या व्यापाऱ्याने क्लब विकत घेतला. खेळाच्या सामानाची मोठी दुकाने ही त्याची मिळकत. नोव्हेंबर 2011 मध्ये मैदानाचे नाव बदलून त्याच्याच दुकानांवरून ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना’ असे केल्याचे जाहीर झाले. पुढे कोणी गिऱ्हाईक मिळावे म्हणून ही मांडामांड आहे, असा खुलासा क्लबने केला. म्हणजे पाहा, जुने नाव पुसले आणि त्या जागी ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली! जुन्या नावाची अक्षरे भिंतीवरून उतरली, तेव्हा कोणीतरी तेच नाव रंगाने पुन्हा भिंतीवर लिहून ठेवले.

पुढचा भाग तर एखाद्या नाटककाराने रचावा असा आहे. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये वोंगा नावाच्या कंपनीने क्लबशी करार केला. ही कंपनी पगार होईपर्यंत लागणारी हातउसनी रक्कम जबर व्याजाने देणारी. आपल्या भाषेत सावकार. तिने मैदानाच्या नावाचा हक्क घेतला आणि जुने नाव परत लावले. प्रेक्षकांची मने जिंकायला याहून स्वस्त उपाय नाही, हे सावकाराला बरोबर कळले होते. त्या कंपनीचे नाव खेळाडूंच्या छातीवर आले, त्यावरही पुष्कळ लोक नाराज झाले; पण मैदान पुन्हा सेंट जेम्सेस पार्क झाले. 2018 साली वोंगा बुडाली. 2021 साली ॲशलीनेही क्लब विकला. दुकानदार गेला, सावकार गेला, नाव राहिले.

दुसरी बाजू अमेरिकेतली. ह्यूस्टन शहराचे बेसबॉलचे मैदान 2000 साली ‘एन्रॉन फील्ड’ या नावाने उघडले. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला मी नव्याने सांगायला नको. दाभोळ आपण विसरलेलो नाही. करार तीस वर्षांचा आणि दहा कोटी डॉलरचा होता. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळे काढले. हजारो नोकरांच्या निवृत्तीच्या ठेवी बुडाल्या आणि त्याच कंपनीचे नाव मैदानावर झळकत होते. अखेर 2002 साली क्लबने एकवीस लाख डॉलर मोजून ते नाव परत विकत घेतले, म्हणजे आपल्याच दारावरची पाटी काढण्यासाठी पैसे दिले. त्यानंतर तिथे फळांच्या रसाच्या कंपनीची पाटी लागली, आणि 2025 पासून वातानुकूलन यंत्रांच्या कंपनीची आहे. इकडे पुण्याजवळ गहुंजे येथे 2012 साली नवे मैदान सुब्रत रॉय सहारा यांच्या नावाने सुरू झाले आणि ठरलेले पैसे पूर्ण न आल्यामुळे तेही नाव लवकरच उतरवावे लागले. भाडेकरूची पाटी घरावर लावली की भाडेकरूची पत तीच घराची पत होते.

मग प्रेक्षकांनी नुसते चिडावे काय? दोन शहरांनी काही वेगळे केले. सॅन फ्रान्सिस्कोचे मैदान ‘कँडलस्टिक पार्क’. त्याचे नाव आधी एका कंपनीला आणि 2004 साली दुसरीला दिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागरिकांपुढे ठराव आला, की हा करार संपल्यावर जुनेच नाव परत यावे. लोकांनी मतपेटीतून तो मंजूर केला आणि 2008 साली नाव परत आले. पुढे 2015 साली ते मैदानच पाडले गेले. पण गेले ते आपल्या नावाने गेले.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गची गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. माक्स मॉरलॉक हा तिथला खेळाडू. 1954 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हंगेरीने आठ मिनिटांत दोन गोल केले, तेव्हा जर्मनीचा पहिला गोल याने मारला आणि सामना जर्मनीने 3–2 असा जिंकला. आपल्या गावचा क्लब त्याने कधी सोडला नाही. मैदानाला त्याचे नाव द्यावे अशी प्रेक्षकांची जुनी मागणी होती. पण शहराला पैसा हवा होता म्हणून तिथे आधी एका बँकेच्या कर्जयोजनेचे, मग रेडिओ-दूरदर्शन संच बनवणाऱ्या कंपनीचे नाव लागले. 2017 साली शहरातल्याच एका बँकेने हक्क घेतले, प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्यात आपली भर घातली, आणि मैदानावर नाव लागले माक्स मॉरलॉकचे. बँकेने पैसे देऊन स्वतःचे नाव लावले नाही, म्हणूनच ती लोकांच्या लक्षात राहिली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. नाव विकले नाही तर पैसा आणायचा कुठून? तिकिटे महाग करायची? हा प्रश्न खोटा नाही. डॉर्टमुंडचा क्लब 2005 साली बुडण्याच्या बेतात होता. त्याच वर्षी त्याने आपल्या ‘वेस्टफालेन’ मैदानाचे नाव एका विमा कंपनीला दिले. ती कंपनी त्याच शहरातली होती, आणि क्लब जगावा ही निकड प्रत्येकाला दिसत होती. पाटी नवी लागली; बोलताना मात्र कित्येकजण आजही जुनेच नाव घेतात आणि त्याबद्दल फारसे भांडण नाही. गरजेपोटी आईने दागिना गहाण ठेवला तर मुले समजून घेतात. पेढीवाल्याने हौसेखातर तो उचलून नेला तर समजून घेत नाहीत.

तात्पर्य असे. मैदान कोणाच्या मालकीचे, हे सातबाराच्या उताऱ्यावरून कळते. नावाचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही. बाप मुलाला पहिल्यांदा खांद्यावर बसवून नेतो, तिथे हरलेल्या सामन्याच्या आठवणी वीस वर्षे उगाळल्या जातात, त्यातून ते नाव घडते. मालक पाटी विकू शकतो. लोकांची जीभ त्याच्या मालकीची नसते. आपणच पाहा, मुंबईच्या व्हीटी स्टेशनचे नाव 1996 साली बदलले, आणि ते नवे नाव आपल्या सर्वांना पूज्य आहे. तरी गाडीतला माणूस घाईत ‘व्हीटी’ म्हणून जातोच. जिथे पूज्य नावालाही वेळ लागतो, तिथे दुकानाच्या नावाची काय कथा?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. नव्या मैदानाचे नाव विकायचे तर खुशाल विकावे. जुन्याचे विकण्यापूर्वी गरज काय, मुदत किती आणि घेणारा कोण, हे लोकांना आधी सांगावे आणि त्यांना विचारावे. आपल्याही गावात मैदाने आहेत, नाट्यगृहे आहेत, वाचनालये आहेत. उद्या त्यांपैकी एखाद्याच्या पाटीला गिऱ्हाईक आले तर आपण त्या सभेला हजर राहा, एवढीच विनंती. पाटी बदलल्यावर भिंतीवर लिहीत बसण्यापेक्षा ते सोपे आहे.